भूकंपाचा लेख मागावा कसा?

११ डिसेंबर १९६७ रोजीं पहांटें ४ वाजून २१ मिनिटांनीं कोयनानगर हादरलें. गांवांतील बहुतेक घरें कोसळलीं, सुमारें १८० माणसें प्राणांस मुकलीं, आणि पुण्यामुंबईचे लोकही भयभीत होऊन घराबाहेर धांवले. महाराष्ट्राला ही तारीख पाठ आहे. परंतु जगांतील भूकंपांची नोंदवही कोणी उघडली, तर ११ डिसेंबरच्या पानावर हा भूकंप त्याला सांपडावयाचा नाहीं. तो नोंदलेला आहे आदल्या दिवशीं, १० डिसेंबरला, रात्रीं १० वाजून ५१ मिनिटांवर. किल्लारीचा भूकंप झाला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटें ३ वाजून ५५ मिनिटांनीं. सुमारें दहा हजार माणसें त्यांत दगावलीं. नोंदवहींत त्याची तारीख आहे २९ सप्टेंबर, आणि वेळ आहे रात्रीं १० वाजून २५ मिनिटांची.

यांत चूक कोणाचीच नाहीं. भूकंपाच्या लहरी देशोदेशींच्या सीमा ओलांडून जातात. एकाच धक्क्याची नोंद अनेक खंडांतील यंत्रें करितात. प्रत्येक यंत्रानें आपापल्या गांवचें घड्याळ पाळलें, तर त्या नोंदी एकमेकींशीं जुळावयाच्या कशा? म्हणून सर्व ठाणीं एकच जागतिक वेळ पाळतात. ही वेळ ग्रिनिचच्या वेळेशीं मिळती असून भारतीय वेळ तिच्या साडेपांच तास पुढें चालते. अर्थात् भारतांत पहांटें साडेपांचाच्या आंत झालेला प्रत्येक भूकंप जागतिक नोंदींत आदल्या तारखेस जातो. ज्याला हें ठाऊक नाहीं, तो किल्लारीचा लेख मागतांना ३० तारीख आणि पहांटेची ३ वाजून ५५ मिनिटें ही वेळ लिहील. त्याला उत्तर मिळेल तें त्या दिवशीं सकाळीं सव्वानऊनंतरच्या जमिनीचें. मुख्य धक्का होऊन तोंपर्यंत साडेपांच तास लोटलेले असतील. ठाणें खरें, यंत्र निर्दोष, लेखही खरा. चुकला तो केवळ प्रश्न.

जगांतील हजारों भूकंपठाण्यांचे लेख आज कोणालाही घरबसल्या मागतां येतात. ते मागून आणणाऱ्या संगणकाच्या आज्ञावल्या, म्हणजे ज्यांना सॉफ्टवेअर म्हणतात त्या, बहुतेक विनामूल्य मिळतात. परंतु आज्ञावली ही आज्ञाधारक नोकरासारखी असते. सांगितलें तेवढें ती बिनचूक करिते. सांगणाऱ्याच्या मनांत काय होतें हें तिला कळत नाहीं. म्हणून लेख मागणें ही गोष्ट दिसते तेवढी किरकोळ नाहीं. पृथ्वीच्या पोटाविषयीं मनुष्याला जें ज्ञान झालें, त्याचा मोठा भाग असे लेख मागून, गोळा करून आणि शेजारीं शेजारीं मांडूनच झालेला आहे.

या कथेचा आरंभ एका योगायोगानें झाला. १८८९ सालीं एर्न्स्ट फॉन रेबॉयर-पाश्विट्झ या जर्मन शास्त्रज्ञानें पॉट्सडॅम व विल्हेल्म्सहाफेन येथें अतिशय हळवे लंबक बसविले होते. १७ एप्रिल रोजीं दोन्ही ठिकाणच्या लेखांत एक विलक्षण थरथर उमटली. तिचें कारण जवळपास कोठें सांपडेना. पुढें ‘नेचर’ या नियतकालिकांत त्याच दिवशीं टोकियोस झालेल्या भूकंपाची हकीकत त्याच्या वाचनांत आली, आणि उलगडा झाला. जपानची जमीन हलली होती आणि तिचें स्पंदन पृथ्वीच्या पोटांतून जर्मनीपर्यंत पोंचलें होतें. एका ठिकाणचा लेख दुसऱ्या ठिकाणच्या बातमीशीं ताडून पाहिला म्हणून हा शोध लागला. भूकंपठाण्यांचें आंतरराष्ट्रीय जाळें असावें असा विचार त्यानेंच पुढें १८९५ सालीं मांडला.

त्यानंतर दोनच वर्षांनीं, १२ जून १८९७ रोजीं, आसामांत शिलाँगच्या परिसरांत प्रचंड भूकंप झाला. भारतीय भूगर्भ सर्वेक्षण खात्यांतील रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यानें त्या भूकंपाचे युरोपांतील यंत्रांवर उमटलेले लेख अभ्यासले. एकाच धक्क्यापासून निघालेल्या लहरी तीन निरनिराळ्या जातींच्या असून त्या निरनिराळ्या वेळीं पोंचतात, हें त्यानें ओळखलें. आणि १९०६ सालीं, दूरदूरच्या ठाण्यांचे लेख ताडून, पृथ्वीला वेगळा गाभा असल्याचें दाखवून दिलें. त्या भूकंपानंतर भारतांतही यंत्रें आलीं : १८९८ सालीं कलकत्त्याजवळ अलिपूर येथें ठाणें झालें, आणि त्याच सुमारास मुंबईच्या कुलाबा वेधशाळेंत व कोडाईकनाल येथें यंत्रें बसलीं. इंग्लंडांत जॉन मिल्न यानें वाइट बेटावरील शाईड या गांवीं देशोदेशींच्या ठाण्यांच्या नोंदी टपालानें मागवून सुमारें एक तपभर त्यांचीं पत्रकें छापलीं.

टपालाचा तो काळ बराच टिकला. ८ ऑक्टोबर १९०९ च्या भूकंपानंतर झाग्रेबच्या आंद्रिया मोहोरोविचिच यानें युरोपांतील अनेक वेधशाळांकडून लेख मिळविले, आणि पृथ्वीचें कवच व त्याखालचें आवरण यांमधील सीमा शोधून काढली. कोपनहेगन येथील इंगे लेमान या विदुषीनें १९२९ सालच्या न्यूझीलंडांतील भूकंपाचे दूरच्या ठाण्यांवर उमटलेले लेख तपासून, गाभ्याच्या आंत आणखी एक गाभा आहे असें १९३६ सालीं प्रतिपादन केलें. आपल्या नोंदींचीं कार्डें ती ओटच्या पिठाच्या रिकाम्या खोक्यांत लावून ठेवीत असे. एवढा मोठा शोध, आणि त्याची सामग्री म्हणजे पत्रानें मिळविलेले कागद व स्वयंपाकघरांतील खोकीं!

पुढचें मोठें पाऊल १९६१ नंतर पडलें. भूमिगत अणुस्फोट ओळखतां यावेत या हेतूनें अमेरिकेनें सुमारें ६० देशांत सुमारें १२० ठाणीं एकाच नमुन्याच्या यंत्रांनीं सज्ज केलीं. दिल्ली, शिलाँग, पुणें आणि कोडाईकनाल या ठाण्यांचा त्यांत समावेश होता. सर्व लेखांच्या फिल्मा काढून त्या एका ठिकाणीं ठेवीत आणि मागेल त्या संशोधकाला प्रती देत. हेतु राजकारणाचा होता, परंतु फळ विज्ञानाला मिळालें. भूखंडें सरकतात या कल्पनेला जे भक्कम पुरावे १९६० नंतरच्या दशकांत लाभले, त्यांत या फिल्मांचा वांटा मोठा आहे. एकाच मापाचीं यंत्रें, एकच घड्याळ आणि मागेल त्याला लेख, या तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे काय घडतें, हें तेव्हां दिसून आलें.

नंतर कागद व फिल्म मागें पडून आंकडे आले. आजचें यंत्र रेघ ओढीत नाहीं. जमिनीची हालचाल तें दर सेकंदास ठराविक वेळां मोजून प्रत्येक मापाचा आंकडा लिहितें. सेकंदास २० मापें घेतलीं, तर एका दिशेचे दिवसाला १७,२८,००० आंकडे होतात. आणि उभी, उत्तर-दक्षिण व पूर्व-पश्चिम अशा तिन्ही दिशा धरल्या, तर एका ठाण्याचे दिवसाला ५१,८४,०००. इतके आंकडे जसेच्या तसे सांठविणें खर्चाचें. म्हणून प्रत्येक आंकडा पुरा न लिहितां मागच्या आंकड्यांत पडलेला फरक तेवढा लिहितात. जमीन शांत असतांना हा फरक लहान असतो, आणि तो थोड्या जागेंत मावतो. प्रत्येक देशानें आपापल्या रीतीनें आंकडे लिहिले असते, तर पुन्हा गोंधळ झाला असता. परंतु आंकड्यांनीं नोंद करणाऱ्या ठाण्यांच्या आंतरराष्ट्रीय संघानें १९८७ सालीं ‘सीड’ नांवाचा एक सर्वमान्य आराखडा स्वीकारला, आणि त्याचेंच सुटसुटीत रूप आज सर्वत्र चालतें.

आंकडे आल्यावर मागण्याची रीतही पालटली. अमेरिकेंतील लेखभांडाराकडे ई-मेलनें मागणी धाडण्याची एक पद्धत पडली. तिच्या नांवाचा उच्चार इंग्रजींतील ‘ब्रेकफास्ट’ या शब्दासारखा होतो. हें मागणीपत्र टपालाच्या पत्राचेंच वंशज होय. आरंभीं मागणाऱ्याचें नांव, संस्था आणि पत्ता. खालीं एकेका ओळींत एकेक ठाणें व वेळ. पत्र मनुष्यानें लिहावयाचें, परंतु वाचावयाचें संगणकानें. त्यामुळें एखादा शब्द इकडचा तिकडे झाला तरी मागणी अडून पडे. स्वित्झर्लंडच्या भूकंपसंस्थेंत तयार झालेली अशाच प्रकारची दुसरी एक आज्ञावलीही अनेक देशांत रूढ झाली. पुढें २०१० नंतरच्या कांहीं वर्षांत त्याच आंतरराष्ट्रीय संघानें इंटरनेटवरून थेट मागणी करण्याची एक समान रीत ठरवून दिली. आतां एका ओळींत प्रश्न लिहावा, आणि कांहीं क्षणांत आंकडे हातीं यावेत, इतकें तें सोपें झालें आहे.

ही एक ओळ कशी असते हें पाहण्यासारखें आहे. तींत पांच गोष्टी सांगाव्या लागतात : जाळें कोणतें, ठाणें कोणतें, ठाण्यावरील जागा कोणती, वाहिनी कोणती, आणि वेळ कोठपासून कोठपर्यंत. उदाहरणार्थ, हैदराबादेस फ्रान्सच्या ‘जिओस्कोप’ जाळ्यांतील एक ठाणें आहे. जाळ्याची खूण ‘जी’ हें एक अक्षर, आणि ठाण्याची खूण ‘एच्-वाय्-बी’ हीं तीन अक्षरें. एकाच ठाण्यावर दोन यंत्रें असूं शकतात, म्हणून जागेसाठीं दोन आंकडी खूण असते. वाहिनीचें नांव तीन अक्षरी असतें, आणि त्यांतील प्रत्येक अक्षर अर्थपूर्ण असतें. पहिलें सांगतें मापें किती घाईनें घेतलीं. दुसरें सांगतें यंत्र कोणत्या जातीचें. आणि तिसरें सांगतें दिशा कोणती. ‘बी-एच्-झेड्’ म्हणजे सेकंदास १० ते ८० मापें घेणाऱ्या हळव्या यंत्राची उभी दिशा. ‘एल्-एच्-झेड्’ म्हणजे तशाच यंत्राची तीच दिशा, परंतु सेकंदास एकच माप.

यांत निवड चुकली तर काय होतें? दूरच्या भूकंपासाठीं उत्तम असलेलें हळवें यंत्र जवळच्या तीव्र धक्क्यांत गोंधळतें. त्याची मर्यादा संपते, आणि लहरींचे माथे कापल्यासारखे दिसतात. तेथें धक्क्याचा जोर मोजणारें दणकट यंत्र हवें. १९६७ सालीं कोयनेच्या धरणांत असें यंत्र होतें. त्याच्या लेखाचा उपयोग धरणांचें गणित करणाऱ्या जगभरच्या अभियंत्यांनीं पुढें अनेक वर्षें केला आहे. कोयनेची ती भीषण पहांट इतर देशांतील धरणें अधिक सुरक्षित करण्याच्या कामीं आली, ती असा एक लेख जपला गेला व मागणाऱ्यांच्या हातीं पडला म्हणूनच.

केवळ आंकडे मिळून मात्र काम भागत नाहीं. लेखांत ५,००० हा आंकडा आला, तर जमीन किती हालली? याचें उत्तर त्या आंकड्यांत नाहीं. तें यंत्राच्या माहितींत आहे. म्हणून लेखाबरोबर ठाण्याची कुंडलीही मागावी लागते. तींत ठाण्याचे अक्षांश-रेखांश, उंची, यंत्राची खोली, त्याचें तोंड कोणत्या दिशेस आहे आणि जमिनीच्या किती हालचालीला किती आंकडा उमटतो, ही सर्व माहिती असते. यंत्रें बदलतात, दुरुस्त होतात. म्हणून ही कुंडली तारीखवार असते, आणि १९९३ च्या लेखाला १९९३ चीच कुंडली लावावी लागते. आधीं कुंडली पाहण्याचा दुसराही एक लाभ आहे. त्या दिवशीं तें ठाणें चालू होतें कीं नाहीं, आणि तेथें कोणत्या वाहिन्या होत्या, हें लेख मागण्यापूर्वींच कळतें.

येणारें उत्तरही नीट वाचलें पाहिजे. कधीं भांडार कळवितें कीं प्रश्न समजला, परंतु त्या वेळचे आंकडे येथें नाहींत. कधीं तें सांगतें कीं हा लेख सर्वांसाठीं खुला नाहीं. कधीं मागणी अवाढव्य असल्यानें ती नाकारली जाते. ‘सर्व ठाणीं, सर्व वाहिन्या’ असें मोघम मागण्याची सोय असली, तरी समुद्र मागून ओंजळ भरत नाहीं. आणि कधीं लेख येतो, परंतु मध्येंच त्यांत खंड असतो. वीज गेलेली असते किंवा दळणवळण तुटलेलें असतें. अशा खंडांत शून्यें भरून कोणी लेख अखंड केला, तर जमीन तेव्हां अगदीं स्थिर होती असा खोटाच अर्थ निघेल. यंत्राचें मौन आणि जमिनीची शांतता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

लेख किती वेळेचा मागावा, हा प्रश्न तर प्रसंगीं अतिशय गंभीर ठरतो. २६ डिसेंबर २००४ रोजीं भारतीय वेळेप्रमाणें सकाळीं ६ वाजून २८ मिनिटांनीं सुमात्राच्या किनाऱ्याजवळ समुद्राचा तळ फाटूं लागला. सुमारें २,५०० किलोमीटर दूर असलेल्या हैदराबादेस पहिल्या लहरी येण्यास सुमारें ५ मिनिटें लागतात. परंतु ती फाट सुमारें १,३०० किलोमीटर लांबीची होती, आणि ती पुरी व्हावयासच ८ मिनिटांहून अधिक काळ लागला. ज्यानें पहिल्या कांहीं मिनिटांचाच लेख पाहिला, त्याला राक्षसाचें केवळ बोट दिसलें. हवाई बेटांतील इशारा केंद्रानें सुमारें पाव तासांत या भूकंपाची तीव्रता ८ ठरविली. तासाभरानें ती ८·५ केली. आणि अखेर ती ९·१ मानली गेली. तीव्रतेंत एका अंकाचा फरक म्हणजे मुक्त झालेल्या शक्तींत सुमारें ३२ पटींचा फरक. अशा भूकंपानंतर अवघी पृथ्वी घंटेसारखी घुमत राहते, आणि तिचा सर्वांत मंद हेलकावा सुमारें ५४ मिनिटांचा असतो. तो ऐकावयाचा तर दिवसच्या दिवसांचा लेख हवा, आणि तेथें सेकंदास एक माप घेणारी वाहिनीच उपयोगी पडते.

त्या दिवशीं सुनामी तमिळनाडूच्या किनाऱ्यावर येण्यास सुमारें दोन तास लागले. हिंदी महासागराच्या किनाऱ्यांवर मिळून दोन लाखांहून अधिक माणसें गेलीं. लहरी यंत्रांवर उमटल्या होत्या, आंकडेही पोंचले होते. परंतु त्यांचा अर्थ वेळेवर पुरता लागला नाहीं, आणि जो लागला तो किनाऱ्यावरील माणसाला सांगण्याची व्यवस्था या महासागरांत नव्हती. हैदराबादेस भारताचें सुनामी-इशारा केंद्र २००७ सालीं सुरू झालें. अशा केंद्रांना मागाहून मागणी करून चालत नाहीं. तेथें आंकडे क्षणाक्षणाला आपोआप वाहत येतात. त्यासाठीं वेगळ्या आज्ञावल्या आहेत, आणि त्यांपैकीं एक प्रसिद्ध आज्ञावली जर्मनींत, पॉट्सडॅम येथेंच घडली आहे. ज्या गांवीं टोकियोची थरथर प्रथम उमटली, त्याच गांवाकडे हा धागा पुन्हा येतो.

मागे पडलेल्या काळाचे लेख मागण्याचें काम मात्र आजही ज्या त्या अभ्यासकाचेंच आहे. त्याच्या हाताशीं म्युनिकच्या विद्यापीठांत तयार झालेली आणि २०१० सालीं प्रसिद्ध झालेली ‘ऑब्स्पाय’ ही आज्ञावली आहे. कोणत्या भांडारांत कोणतें ठाणें आहे हें शोधणें, मागणी करणें, आलेले लेख जोडणें, कुंडली लावून आंकड्यांचा वेग किंवा स्थानांतर काढणें, हीं सर्व कामें तिच्याकडून करवून घेतां येतात. लेख एकाच ठिकाणीं नाहींत. युरोपांतच त्यांचीं अनेक भांडारें आहेत. परंतु प्रश्न विचारण्याची रीत सर्वत्र एकच असल्यानें मागणाऱ्याला तें जाणवतही नाहीं.

हा मोकळेपणा सर्वांना सारखाच रुचतो असें नाहीं. भूकंपयंत्राला भूकंप व स्फोट यांत भेदभाव करतां येत नाहीं. जमीन हालली कीं तें लिहितें. ११ मे १९९८ च्या पोखरणच्या चाचण्या पाकिस्तानांतील निलोर येथील ठाण्यावर उमटल्या, आणि तो लेख जगभरच्या अभ्यासकांनीं तपासला. म्हणून कांहीं राष्ट्रें आपले लेख उशिरां देतात, कांहीं अर्धेच देतात, आणि कांहीं देतच नाहींत. त्यांचीं कारणें समजण्यासारखीं असलीं, तरी तोटाही ध्यानांत घेतला पाहिजे. रसायनशाळेंतील प्रयोग फसला तर तो पुन्हा करतां येतो. किल्लारीचा भूकंप कोणालाही पुन्हा घडवितां यावयाचा नाहीं, आणि तसें कोणी इच्छूंही नये. त्या रात्रीं जें उमटलें तेवढेंच आहे. तें कुलपांत राहिलें, तर ज्यांचे प्राण गेले त्यांच्या दुःखांतून मिळण्यासारखा धडाही कुलपांतच राहतो.

मोहोरोविचिचला जे लेख गोळा करण्यासाठीं पत्रें लिहावीं लागलीं आणि उत्तरांची वाट पाहावी लागली, तसे लेख आज पुण्यांतील किंवा लातुरांतील महाविद्यालयीन विद्यार्थ्याला एका सायंकाळीं मिळूं शकतात. त्याला वेधशाळा नको, शिफारस नको, बहुतेक वेळीं पैसाही नको. त्यानें ठाणें ओळखावें, वाहिनी विचारपूर्वक निवडावी, कुंडली बरोबर मागावी आणि वेळ पुरेशी घ्यावी. आणि सर्वांत आधीं, भारतीय घड्याळांतून साडेपांच तास वजा करण्यास विसरूं नये.